सिरीज बघून फ्रेंच येतं का? सबटायटल कोणते ठेवायचे आणि कुठे थांबायचं?

मध्य रेल्वेच्या शीव स्थानकाच्या फलकावर इंग्रजीत एस-आय-ओ-एन अशी चार अक्षरं आहेत. मुंबईकर ती 'सायन' अशी वाचतात. हीच चार अक्षरं स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले प्रांताच्या राजधानीच्या नावातही आहेत. तिथले फ्रेंच बोलणारे लोक मात्र ते नाव 'स्यों' असं उच्चारतात आणि शेवटचा स्वर नाकातून सोडतात.

पुस्तकातून फ्रेंच शिकणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. कागदावरचं वाक्य कळतं, तेच वाक्य कुणी बोललं की एकही शब्द ओळखू येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, 'नेटफ्लिक्सवर फ्रेंच सिरीज बघ, आपोआप येईल.'

खरंच येतं का? थोडक्यात उत्तर असं: ऐकून समजणं सुधारतं, शब्दही वाढतात. बोलणं आणि लिहिणं मात्र नुसतं बघून येत नाही. आणि जे सुधारतं तेही सबटायटल कोणत्या भाषेत आहेत यावर बरंच अवलंबून असतं.

मुंबईत फ्रेंच शिकण्याची गरज कुणाला पडते?

पहिला मोठा गट अकरावी-बारावीचा. महाराष्ट्र बोर्डात दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेता येते आणि मुंबईतले अनेक विद्यार्थी ती 'स्कोअरिंग' विषय म्हणून घेतात. गुण चांगले मिळतात, पण समोर फ्रेंच माणूस उभा राहिला तर 'बोंजूर'च्या पुढे गाडी सरकत नाही.

दुसरा गट परदेशी शिक्षणाचा. २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थ्यांना आपल्याकडे आणायचं उद्दिष्ट फ्रान्सने ठेवलं आहे. राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी जानेवारी २०२४ मध्ये, प्रजासत्ताक दिनाच्या भारत भेटीत ते पुन्हा जाहीर केलं.

तिसरा गट कॅनडाला जाऊ पाहणाऱ्यांचा. तिथल्या 'एक्स्प्रेस एंट्री' या स्थलांतर योजनेत फ्रेंचच्या चारही कौशल्यांत ठरावीक पातळी, म्हणजे एनसीएलसी ७, गाठली तर जादा गुण मिळतात. सोबत इंग्रजीही बऱ्यापैकी असेल तर हे गुण ५० पर्यंत जातात. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी तिथे स्वतंत्र निवडफेऱ्याही होऊ लागल्या.

या सगळ्यांना परीक्षा चुकत नाही. सर्वात परिचित परीक्षा म्हणजे डेल्फ. ए१ ते बी२ अशा तिच्या पायऱ्या आहेत. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या प्रत्येकाला २५ गुण असतात. १०० पैकी ५० मिळाले तर पास, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलं तर नापास. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी मात्र डेल्फ चालत नाही. तिथे टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते. फी भरण्याआधी हा फरक माहीत असलेला बरा.

सबटायटल इंग्रजी ठेवायचे की फ्रेंच?

या प्रश्नाचा भारताशी जवळचा संबंध आहे. नव्वदच्या दशकात ब्रिज कोठारी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि सोबत स्पॅनिशही शिकत होते. मित्रांबरोबर पेद्रो अल्मोदोवार यांचा स्पॅनिश चित्रपट बघताना त्यांच्या मनात आलं की खालचे सबटायटल इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्येच असते तर जास्त शिकता आलं असतं. त्यातूनच पुढची कल्पना सुचली: हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दाखवले, तर वाचता न येणाऱ्यांना सराव होईल.

पुढे आयआयएम अहमदाबादमधून त्यांनी हा प्रयोग उभा केला आणि दूरदर्शनवर गाण्यांच्या कार्यक्रमांत त्याच भाषेतले शब्द दिसू लागले. महाराष्ट्रात मराठी चित्रपटांवरही असा प्रयोग झाला. कानाला ऐकू येतं तेच डोळ्यांनी वाचायचं, हे त्यामागचं साधं तत्त्व.

परकी भाषा शिकतानाही हेच तत्त्व लागू पडतं का, याचा एक गाजलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समधले होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी इंग्रजी येणाऱ्या डच लोकांना अनोळखी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन लहेजातले कार्यक्रम दाखवले. काहींना इंग्रजी सबटायटल होते, काहींना डच, तर काहींना कुठलेच नव्हते. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना तो लहेजा नंतर अधिक चांगला समजू लागला. त्यांनी आधी न ऐकलेली वाक्यंही अधिक अचूक ओळखली. डच सबटायटल वाचणाऱ्यांची नव्या वाक्यांवरची कामगिरी मात्र सबटायटलशिवाय बघणाऱ्यांपेक्षाही खराब झाली.

कारण सरळ आहे. ओळखीच्या भाषेतली ओळ दिसली की डोळे ती वाचतातच, वाचायची नाही असं ठरवलं तरी. अर्थ मिळाला की कान आरामात बसतो. म्हणून इंग्रजी सबटायटल लावून चार सीझन संपवले तर कथा कळते, फ्रेंच मात्र होतं तिथेच राहतं.

यात एक अट आहे. त्या डच प्रेक्षकांना इंग्रजी आधीपासून येत होतं. ज्याला फ्रेंचचा गंधही नाही, त्याला फ्रेंच सबटायटल म्हणजे नुसत्या अक्षरांची रांग. अशा वेळी एखादा प्रसंग आधी इंग्रजी सबटायटलसह बघायचा आणि लगेच तोच प्रसंग फ्रेंच सबटायटलसह पुन्हा बघायचा.

इंग्रजी सबटायटलमध्ये काय हरवतं?

मराठी प्रेक्षकाला इथे एक वेगळाच फायदा आहे. फ्रेंचमध्ये 'त्यु' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही. मराठीसारखंच 'वू' अनेकांसाठीही वापरतात आणि एकाच माणसाला आदराने बोलतानाही. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हींचं 'यू' होतं आणि नात्यातला सगळा बारकावा पुसला जातो.

ऑफिसमध्ये कालपर्यंत 'वू' म्हणणारा सहकारी आज 'त्यु' म्हणाला, तर काहीतरी बदललं आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. फ्रेंचमध्ये यासाठी स्वतंत्र क्रियापदंच आहेत. 'त्युत्वाये' म्हणजे अरेतुरे करणं आणि 'वूव्वाये' म्हणजे अहोजाहो करणं. इंग्रजीत याला एका शब्दाचा सोपा पर्याय नाही, मराठीत तयार आहे.

फायदे आणखीही आहेत. मराठीत तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोनच. 'चांगला-चांगली' म्हणणाऱ्याला नामाप्रमाणे विशेषण बदलण्याचं नवल वाटत नाही. फ्रेंच 'त' आणि 'द' मराठीसारखेच दाताला जीभ लावून उच्चारले जातात, इंग्रजीसारखे 'ट-ड'कडे झुकत नाहीत.

कठीण काय? घशातून येणारा 'र', ओठ 'ऊ'सारखे ठेवून 'ई' म्हणावा तसा येणारा 'त्यु'मधला स्वर, आणि एकमेकांच्या जवळचे नाकातले स्वर. हे कागदावर समजावणं अवघड आहे, ते शंभर वेळा ऐकावंच लागतं. सिरीजचा खरा उपयोग इथे होतो.

पुस्तकातलं फ्रेंच पडद्यावर का ऐकू येत नाही?

कारण ते तिथे त्या रूपात बोललंच जात नाही. 'मला माहीत नाही' यासाठी पुस्तक 'ज न से पा' शिकवतं. पात्रं घाईत नकाराचा 'न' गाळतात, उरलेलं एकत्र ओढतात आणि 'शेपा' असं काहीतरी ऐकू येतं. मराठीतही लिहिताना 'काय करतो आहेस' आणि बोलताना 'काय करतोयस' होतंच की.

त्यात भर तरुणांच्या 'व्हेरलाँ'ची. यात शब्दाची उलटापालट करतात. 'फाम' म्हणजे बाई, त्याचं 'मफ' झालं. 'फू' म्हणजे वेडा, त्याचं 'ऊफ' झालं. 'व्हेरलाँ' हे नावही 'लाँव्हेर', म्हणजे 'उलटं', या शब्दाला उलटवूनच तयार झालंय. लहानपणी 'च'च्या भाषेत 'मला'चं 'चलाम' केलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. मात्र हे शब्द समजण्यापुरते ठीक आहेत. डेल्फच्या तोंडी परीक्षेत किंवा व्हिसाच्या मुलाखतीत वापरायचे नाहीत.

काय बघायचं?

- अगदी सुरुवातीला: सिरीज नकोच. 'टीव्ही५ मोंद' या फ्रेंच वाहिनीच्या मोफत शिकवणी संकेतस्थळावर ए१ ते बी२ पातळीचे छोटे व्हिडिओ आणि त्यांवरचे स्वाध्याय आहेत.
- 'ल्युपँ' (२०२१ पासून): ओमार सी यांची चोराची भूमिका. कथानक वेगवान आणि चित्रांतून बरंच कळणारं, त्यामुळे एखादं वाक्य निसटलं तरी धागा सुटत नाही.
- 'दी पूर साँ' (२०१५ ते २०२०): इंग्रजी नाव 'कॉल माय एजंट!'. पॅरिसमधल्या कलाकारांच्या एजन्सीची गोष्ट. तिचा हिंदी अवतार २०२१ मध्ये 'कॉल माय एजंट: बॉलिवूड' म्हणून आला. ऑफिसातलं 'त्यु' आणि 'वू' शिकायला उत्तम, पण बोलणं वेगवान, त्यामुळे बी१ नंतर बघावी.
- 'प्लाँ कर' (२०१८ ते २०२२): इंग्रजी नाव 'द हुक अप प्लॅन'. तरुण मित्रमंडळींच्या रोजच्या बोलण्यासाठी.

'एमिली इन पॅरिस' मात्र या यादीत बसत नाही, कारण ती बहुतांश इंग्रजीत आहे. तसंच, आवडत्या इंग्रजी सिरीजचं फ्रेंच डबिंग लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. डबिंग आणि सबटायटल यांची भाषांतरं अनेकदा वेगवेगळी केलेली असतात, त्यामुळे ऐकू एक येतं आणि दिसतं दुसरंच. मूळ फ्रेंच सिरीज घ्या, ऑडिओ 'ओरिजिनल'वर ठेवा आणि 'सीसी' असं लिहिलेले फ्रेंच सबटायटल असतील तर तेच निवडा.

कसं बघायचं?

शीवहून धीम्या लोकलने सीएसएमटीला पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. 'ल्युपँ'चा पूर्ण भाग तेवढ्यात संपत नाही आणि संपवायची गरजही नाही. भाग आधीच डाउनलोड करून घ्या आणि तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा.

१. फ्रेंच सबटायटलसह एकदा बघा. अडलं तरी थांबू नका.
२. दुसऱ्यांदा थांबत थांबत बघा आणि पाचच वाक्यं टिपून घ्या. सुटे शब्द नकोत, पूर्ण वाक्यं हवीत.
३. सबटायटल बंद करून फक्त ऐका. वेग जास्त वाटला तर ०.७५ पट करा.
४. घरी आल्यावर तीच पाच वाक्यं पात्राच्या मागोमाग, त्याच चालीत मोठ्याने म्हणा. डब्यातली गर्दी हे ऐकायला उत्सुक नसते.

लॅपटॉपवर बघणाऱ्यांना 'लँग्वेज रिअॅक्टर' या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये दोन भाषांतले सबटायटल एकत्र दिसतात आणि शब्दावर गेलं की अर्थ कळतो. सोय चांगली आहे, पण दुसरी भाषा झाकून ठेवण्याचा पर्यायही वापरा. नाहीतर डोळे पुन्हा इंग्रजीकडेच धावतात.

नुसतं बघून बोलता का येत नाही?

याचा मोठा पुरावा कॅनडातून आला. तिथे इंग्रजी घरांतली मुलं अशा शाळांत जात होती जिथे बरेच विषय फ्रेंचमधूनच शिकवले जात. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून या मुलांचं समजणं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोहोचलं, पण बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहूनच गेल्या. अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचं एक कारण मांडलं: ऐकून अर्थ लावताना क्रियापदाचं रूप निसटलं तरी चालतं, स्वतः वाक्य तयार करताना चालत नाही. बोलायला लागलं, की आपल्याला काय येत नाही ते कळतं.

मराठी माणसांचंच उदाहरण मॉरिशसमध्ये आहे. १९व्या शतकात मुंबई बंदरातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज सहज फ्रेंच समजतात. टीव्ही आणि वर्तमानपत्रांत तिथे फ्रेंचचं वर्चस्व आहे. पण रस्त्यावर फ्रेंचमधूनच घडलेली क्रेओल बोलली जाते आणि शाळेतही लहानपणापासून फ्रेंच शिकवतात. म्हणजे टीव्ही हा अनेक धाग्यांपैकी एक धागा आहे.

शीवमध्ये राहणाऱ्याला हे बाकीचे धागे मुद्दाम जोडावे लागतात. मरीन लाइन्सला अलियाँस फ्रान्सेज आहे, कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग आहे. क्लास परवडत नसेल तर कॉलेजमधल्या दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा बसून बघितलेला प्रसंग फ्रेंचमध्ये सांगायचा, हाही मार्ग आहे. चुका कुणीतरी दुरुस्त करणं मात्र आवश्यक.

किती वेळ लागेल?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामापुरतं चांगलं फ्रेंच यायला साधारण ७०० तासांचे वर्ग लागतात असं मानते. रोज एक तास धरला तर साधारण दोन वर्षं, तीही शिक्षकासोबतची. 'तीन महिन्यांत सिरीज बघून फ्रेंच' असं सांगणाऱ्या रीलकडे या हिशेबाने बघावं.

स्वतःची प्रगती मोजायची सोपी रीत अशी: महिन्याच्या सुरुवातीला एक प्रसंग सबटायटलशिवाय ऐका आणि काय कळलं ते फ्रेंचमध्येच एक मिनिट बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा. महिनाअखेरीस तोच प्रसंग ऐकून पुन्हा बोला. ऐकणं सुधारलं असेल तर पद्धत बरोबर आहे. ऐकणं सुधारलं आणि बोलणं तिथेच राहिलं, तर पुढचा सीझन सुरू करण्याआधी फ्रेंच बोलणारा जोडीदार शोधा.