पेट्रोल नेमकं कुठे संपतं?

१२ मे २०२१ ला अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ट्विटरवर जाहीर सूचना दिली होती : प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधे पेट्रोल भरू नका. एका सरकारी खात्याला असं लिहून सांगावं लागलं, यावर जगभर भरपूर हसून झालं. त्याच दिवशी फ्लोरिडात होमोसासा नावाच्या गावी एक हमर गाडी जळून खाक झाली, कारण मालकाने नुकतेच पाच-पाच गॅलनचे चार कॅन भरून मागे ठेवले होते. तेव्हा सूचना अगदीच अनाठायी नव्हती म्हणायची.

लोक वेडे असतात असं म्हणून विषय संपवता येतो. पण ऐंशी वर्षांत त्याच अमेरिकेत, बऱ्याचदा त्याच पूर्व किनाऱ्यावर, तीच रांग पुन्हापुन्हा लागलेली दिसते. एखादा बग इतक्या वेळा परत येत असेल तर त्याचा दोष युजरच्या माथी मारून चालत नाही, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून या वीकेंडला जरा मागे जाऊन बघू.

सुरवात १९४२ पासून करावी लागेल. तेव्हा टेक्सासचं तेल न्यूयॉर्ककडे जायचं ते बहुतांशी टँकर जहाजांनी, समुद्रमार्गे. अमेरिका युद्धात उतरली आणि जर्मन पाणबुड्यांनी ही जहाजं किनाऱ्याजवळ बुडवायला सुरवात केली. देशात तेल मुबलक, पण पूर्व किनाऱ्यावर टंचाई! मे १९४२ मधे पूर्वेकडच्या १७ राज्यांत पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. गाडीच्या काचेवर ए, बी, सी अशी अक्षरं चिकटवायची. साध्या माणसाला 'ए', म्हणजे आठवड्याला जेमतेम तीन-चार गॅलन. डॉक्टर वगैरेंना जास्त. 'एक्स' चिकटवलं की मर्यादाच नाही, आणि ते काही खासदारांनी स्वतःसाठी घेतल्यामुळे बोंबाबोंब झाली होती. (काही गोष्टी कुठल्याच देशात बदलत नाहीत.) डिसेंबरात रेशनिंग देशभर लागू झालं. तिथे तेलापेक्षा रबराची चिंता मोठी होती, कारण आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले होते. गाड्या कमी धावल्या की टायर वाचतात, इतका सरळ हिशोब.

रेशनिंगमधे काळाबाजार झाला, खोटी कूपनं छापली गेली. तरी एक गोष्ट त्यात होती : आपल्या वाट्याचं पेट्रोल आपल्याला मिळेल एवढी खात्री. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाणबुड्यांवर उपाय म्हणून सरकारने जमिनीखालून दोन प्रचंड पाइपलाइन टाकल्या, 'बिग इंच' आणि 'लिटल बिग इंच'. तेल जमिनीखालून हजारो किलोमीटर नेणं परवडतं हे त्यातून सिद्ध झालं. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरवातीला तेल कंपन्यांनी मिळून कलोनियल पाइपलाइन बांधली. ह्यूस्टनपासून न्यूयॉर्क बंदरापर्यंत जाणारी ही व्यवस्था फाट्यांसकट साधारण ८,८५० किलोमीटरची आहे. रोज सुमारे २५ लाख बॅरल इंधन, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या गरजेच्या जवळजवळ ४५ टक्के. पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन एकामागोमाग सोडतात, मधे पडदा वगैरे काही नाही. दोन मालांच्या सीमेवर जी सरमिसळ होते ती बाजूला काढून पुन्हा शुद्ध करतात. वेग किती? ताशी ५ ते ८ किलोमीटर. आपण सकाळी भरभर चालायला जातो तेवढाच! ह्यूस्टनहून निघालेलं पेट्रोल न्यूयॉर्कला पोचायला अडीच आठवड्यांच्या वर लागतात.

अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल ही शहरं समुद्रापासून दूर. त्यांना बंदर नाही, जवळपास मोठी रिफायनरी नाही. दुसरी 'प्लँटेशन' नावाची पाइपलाइन आहे, पण ती बरीच लहान. नॅशव्हिल तर कलोनियलच्या एका फाट्याच्या टोकाला बसलंय. म्हणजे पाणबुड्यांची भीती गेली आणि तिच्या जागी दक्षिणेकडे एक 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' तयार झाला.

पण थांबा. फक्त पाइपला दोष दिला तर १९७० च्या दशकातल्या रांगांचा उलगडा होत नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलबंदी केली आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. ओरेगन राज्याने नंबरप्लेटचा शेवटचा आकडा बघून सम-विषम दिवस ठरवले. पंपांवर रंगीत झेंडे लागले, हिरवा म्हणजे या, लाल म्हणजे खडखडाट. केंद्र सरकारने अब्जावधी रेशन कूपनं छापून ठेवली, ती कधीच वापरली गेली नाहीत आणि १९८४ मधे नष्ट करण्यात आली.

मग १९७९. इराणमधली क्रांती. जगाचा तेलपुरवठा घटला तो चार-पाच टक्क्यांच्या आसपास, पण कॅलिफोर्नियात मे महिन्यात रांगा लागल्या मैल-मैल. जूनमधे पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनला तर पेट्रोलवरून दंगल झाली. चार-पाच टक्के कमी, मग एवढी रांग कशी?

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. (आकडे माझे, सोयीसाठी धरलेले.) समजा एका शहरात १० लाख गाड्या आहेत. प्रत्येकीची टाकी ५० लिटरची आणि रोजचा खर्च साडेचार लिटर. एरवी काटा पावपर्यंत आला की माणूस पंपावर जातो. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी टाकीत ३१ लिटर असतात आणि दर आठ दिवसांनी एक खेप होते.

आता अफवा आली. सगळ्यांनी ठरवलं, टाकी फुल ठेवायची. प्रत्येकी १९ लिटर, म्हणजे एकूण १ कोटी ९० लाख लिटर एका झटक्यात हवेत. मोठ्या टँकरमधे धरा ३३ हजार लिटर. म्हणजे पावणेसहाशे टँकर जास्तीचे, तेही आजच्या आज! शहराची ही चार दिवसांची गरज आहे, आणि पंपाखालच्या टाक्यांत साठा असतो तोच मुळी थोड्या दिवसांचा. पंप कोरडे पडणार नाहीत तर काय? आणि गंमत म्हणजे यातला एक थेंबही जळलेला नाही. पेट्रोल पंपाखालून उठून लोकांच्या गाड्यांत जाऊन बसलं, एवढंच.

पुढचं तर आणखी वाईट आहे. घाबरलेला माणूस आता पाऊण टाकी झाली की परत रांगेत येतो. साडेबारा लिटर संपायला लागतात पावणेतीन दिवस. म्हणजे आठ दिवसांची खेप तीन दिवसांवर आली. पुरवठा तोच, खप तोच, आणि रांग मात्र तिप्पट! ती रांग बघून न घाबरलेलाही घाबरतो आणि तिच्यात जाऊन उभा राहतो. सर्व्हर जरा स्लो झाला की सगळे एकदम रिफ्रेश दाबतात आणि मग तो खरंच झोपतो, तसलाच प्रकार.

म्हणूनच १९७९ मधे काही राज्यांनी जरा चमत्कारिक वाटणारा नियम केला : 'किमान' खरेदी. अमुक डॉलरचं तरी पेट्रोल घ्यायचंच. टंचाईत जास्त घ्या म्हणून सक्ती? पण वरचा हिशोब बघितला की कळतं. नेम होता टाकी भरलेली असून रांगेत येणाऱ्यावर.

असो. तर दक्षिणेकडे परत येऊ. ऑगस्ट २००५ अखेर कटरिना वादळात कलोनियलच्या पंपिंग स्टेशनांची वीज गेली आणि अटलांटात झुंबड उडाली. पुढच्याच महिन्यात रीटा वादळ आलं तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर सनी परड्यू यांनी इंधन वाचवायला राज्यातल्या शाळा दोन दिवस बंद ठेवल्या. स्कूलबसचं डिझेल वाचलं. सप्टेंबर २००८ मधे गुस्ताव्ह आणि आइक या वादळांनी आखातातल्या रिफायनऱ्या बंद पाडल्या. १९ तारखेला नॅशव्हिलमधे पेट्रोल संपणार अशी आवई उठली आणि बहुसंख्य पंप खरंच कोरडे झाले. भाकीत खरं ठरलं, कारण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला!

त्या सप्टेंबरात मी प्रोजेक्टसाठी अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात होतो. आमचं काही फार अडलं नाही हे आधीच सांगतो. आम्ही चौघं एका गाडीत जायचो, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कुठल्या पंपावर टँकर लागला याची फोनाफोनी चालायची. संध्याकाळी जेवताना तोच विषय, थोडी मजाच वाटायची. पण आमच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या बाई सलग तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा कळलं की त्या ४० मैलांवरून यायच्या, बस नाही, ट्रेन नाही. पगार तासावर. आले नाही म्हणजे पैसे नाहीत. दुपारी त्या सुटायच्या तोपर्यंत पंप रिकामे, आणि सकाळी रांगेत दोन तास थांबावं तर कामाला उशीर. त्यांनी तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. अटलांटाची मार्टा रेल्वे त्या भागात कशी नाही हे मी नंतर वाचलं : शेजारच्या कॉब आणि ग्विनेट परगण्यांनी मार्टात यायला नकार दिला होता, तोही दशकांपूर्वी.

मला वाटतं या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा हा आहे. टाकी फुल करणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्यापुरता त्याचा निर्णय बरोबरच असतो, कारण उद्या खरंच मिळेल की नाही याची त्याला खात्री नाही. पण या शर्यतीत जिंकतो तो ज्याच्याकडे दुपारी मोकळा वेळ आहे, मोठी टाकी आहे, दुसरी गाडी आहे. आणि बिल फाडलं जातं भलत्याच्याच नावावर.

२०१६ च्या सप्टेंबरात अलाबामातल्या शेल्बी परगण्यात हीच पाइपलाइन गळली आणि मुख्य पेट्रोलवाहिनी बारा दिवस बंद राहिली. पुन्हा तोच खेळ. आणि मग ७ मे २०२१. या वेळी वादळ नव्हतं, गळती नव्हती. डार्कसाइड नावाच्या टोळीने कंपनीच्या कॉम्प्युटरांत रॅन्समवेअर सोडलं. शिरकाव झाला एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून, ज्याला पासवर्डखेरीज दुसरं कुलूपच नव्हतं. (सोमवारी ऑफिसला गेल्यावर आपापली जुनी खाती तपासा!) हल्ला झाला तो ऑफिसच्या यंत्रणेवर, पण तो पसरू नये म्हणून कंपनीने स्वतःच पाइप बंद केला. ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. त्यातले ६३.७ बिटकॉइन पुढे न्याय खात्याने परत मिळवले.

पाइप पुन्हा सुरू झाला १२ मेच्या संध्याकाळी. आणि राजधानी वॉशिंग्टनमधे सर्वात वाईट दिवस उगवला तो त्यानंतर, १४ मेच्या सुमारास, जेव्हा दहातले जवळपास नऊ पंप कोरडे होते. तिकडे फ्लोरिडाला बहुतेक इंधन जहाजाने बंदरांत येतं, तिथे कलोनियलचा संबंध नावापुरता. तरी तिथेही पंप रिकामे झाले. जिथे पाइप नाही तिथे पाइप बंद पडल्याची टंचाई! पेट्रोल पाइपात चालण्याच्या वेगाने जातं, बातमी त्याच्या कितीतरी पुढे पळते.

हे सगळं तिकडचं, असं म्हणायची सोय नाही. १ आणि २ जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोंतून टँकर निघेनात, आणि महाराष्ट्रात गावोगाव पंपांवर रांगा लागल्या. दोन तारखेच्या रात्री तोडगा निघाला. चंदीगडमधे दुचाकीला २ लिटर, चारचाकीला ५ लिटर अशी 'कमाल' मर्यादा घातली होती. तिकडे किमान, इकडे कमाल. कमाल मर्यादेने खेपा वाढतात हे खरं, पण साठा पंपावर टिकतो आणि उशिरा येणाऱ्यालाही दोन लिटर मिळतात. रांग छोटी करायची की वाटप सारखं करायचं, हा शेवटी निवडीचा प्रश्न आहे. संप दोन दिवसांचा असेल तर मला कमाल मर्यादाच पटते.

आणि आपण काय करायचं? मी माझ्यापुरता एक नियम केलाय. एरवी, कुठलीही बातमी नसताना, काटा अर्ध्यावर आला की भरायचं. बातमी आली की पंपाकडे फिरकायचं नाही. अर्ध्या टाकीत माझा आठवडा निघतो, आणि त्या दिवशी माझी रांगेतली जागा कुणाच्या तरी रोजंदारीची असू शकते. एकट्याने करून काय होणार? हिशोबच करायचा तर १९ लिटर. पण वरचे १ कोटी ९० लाख लिटर अशाच एकेकट्यांचे होते.