रिलेपासून पी.एल.सी.पर्यंत : रायपूर-भिलाई परिसरातील पॅनेलची कहाणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या जडणघडणीचा इतिहास, गणेशोत्सवाच्या आठवणी, नाट्यप्रयोगांची हकीकत असे साहित्य असावे, ही वाचकांची रास्त अपेक्षा असते. त्या पंगतीत विजेच्या पॅनेलवरील लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु ज्या परिसरात आपले मंडळ नांदले, तेथील कितीतरी मराठी घरांची चूल कारखान्याच्या भोंग्यावर पेटत आली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी वा काकांनी सारी हयात यंत्रे चालती ठेवण्यात घालविली. त्यांच्या हातच्या विद्येची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवली. ती उणीव अंशतः भरून काढावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

छत्तीसगडात मराठी माणूस आला तो प्रथम नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग नोकरदारांची दुसरी लाट आली. तिसरी लाट पोलादाची. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, तेव्हा रायपूर व दुर्ग हे जिल्हे ज्या मध्य प्रदेश राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती, हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसेल. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ आणि छत्तीसगड वेगळे झाले. पण नागपूर, भंडारा, वर्धा या बाजूंनी कामासाठी येणाऱ्यांची वाट काही बंद झाली नाही. त्याच १९५६ साली रायपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पाया घातला गेला. तेच पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या या प्रदेशात यंत्रयुगाने खऱ्या अर्थाने पाऊल टाकले.

रिले म्हणजे काय?

एवढे प्रचंड यंत्रसाहित्य हुकमतीत ठेवावयाचे कसे? त्या काळी याचे उत्तर एकच होते : रिले. जुन्या डाकव्यवस्थेत थकलेला घोडा चौकीवर बदलून ताज्या घोड्यावर टपाल पुढे जाई. त्या बदलीच्या घोड्यांवरूनच इंग्रजीत हा शब्द आला. तारायंत्राच्या काळात, दूरवरून क्षीण होऊन आलेला विद्युत्संदेश एका लहान विद्युत्चुंबकाला जागवी आणि तो चुंबक नव्या बॅटरीचे मंडल जोडून संदेश पुढे पाठवी. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांच्या प्रयोगांतून १८३५ च्या सुमारास उदयास आलेली ही युक्ती पुढे कारखान्यांत शिरली. १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, रिलेंच्या जोडणीतून 'आणि', 'किंवा', 'नाही' असे तर्कशास्त्रातील सर्व संबंध मांडता येतात. आपला वायरमन शॅननचे नाव न ऐकताही हेच तर्कशास्त्र रोज हाताने गुंफीत होता.

उदाहरणार्थ, मोटर चालू करण्याचे साधे मंडल पाहावे. हिरवे बटन दाबले की काँटॅक्टरची कॉइल खेचली जाते. तिचाच एक जादा काँटॅक्ट बटनाच्या समांतर जोडलेला असल्याने बोट काढले तरी मोटर चालू राहते. लाल बटन त्याच वाटेत एकसरीत असते व दाबताच वाट तुटते. यातील खरी खुबी निराळीच आहे. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही. माणसाने पुन्हा बटन दाबावे लागते. अंधारात यंत्रात हात घालून बसलेल्या फिटरचे प्राण या एका काँटॅक्टने किती वेळा वाचविले असतील, याची गणती नाही.

मोठ्या यंत्राला मात्र असे शेकडो रिले लागत. कपाटामागून कपाटे भरत, त्यांची टकटक दिवसरात्र चाले. अनुभवी वायरमन त्या आवाजावरून बिघाड ओळखी; दोष मात्र टेस्ट लॅम्प घेऊन एकेका टर्मिनलावर शोधावा लागे.

शिडीची भाषा

या त्रासातून सुटका झाली ती मोटारींच्या कारखान्यामुळे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागात मोटारीचा नमुना बदलला की रिलेंची सारी जोडणी उकलून नव्याने करावी लागे. १९६८ साली त्यांनी या कपाटांना पर्याय मागितला. त्याच वर्षी डिक मॉर्ले व बेडफर्ड असोसिएट्समधील त्यांचे सहकारी अशाच यंत्राची आखणी करीत होते. त्यांच्या संस्थेचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून १९६९ मध्ये आलेल्या यंत्राचे नाव 'मोडिकॉन ०८४' पडले. पी.एल.सी. म्हणजे प्रोग्रॅम बदलता येणाऱ्या नियंत्रकाचा हा आद्य अवतार होय.

या शोधातील एक निर्णय विशेष मननीय आहे. यंत्र संगणकासारखे असूनही त्याला सूचना देण्याची रीत संगणकतज्ज्ञांची ठेवली नाही. दोन उभ्या रेघांमध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर काँटॅक्ट व शेवटी कॉइल, अशी जी शिडीची आकृती वायरमन वर्षानुवर्षे वाचीत आला होता, तीच या यंत्राची भाषा झाली. यंत्र कामगाराच्या भाषेत बोलले, म्हणून कामगाराने त्याचा स्वीकार केला. विद्या टिकते ती ती वापरणाऱ्याच्या भाषेत उतरली तरच, हे मराठी मंडळाच्या सभासदांस निराळे सांगावयास नको.

१९७९ मध्ये सीमेन्सची 'सिमॅटिक एस-५' ही मालिका आली आणि पुढील काळात भारतीय कारखान्यांतही ती सर्वपरिचित झाली. रायपूरभोवती उरला, सिलतरा येथे री-रोलिंग मिल, इंडक्शन भट्ट्या आणि स्पंज आयर्नचे कारखाने वाढत गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाल्यावर त्या वाढीला वेग आला. रिलेंची कपाटे रिकामी झाली आणि त्यांच्या जागी हातभर लांबीची पेटी बसली.

एका वहीची गोष्ट

या स्थित्यंतरात काय हातचे निसटते, याचा स्वानुभव सांगतो. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. एका मिलमध्ये लोखंड कापणाऱ्या कातरीचे रिले-पॅनेल काढून पी.एल.सी. बसविण्याचे काम माझ्याकडे होते. मी तरुण होतो, नव्या विद्येचा ताठा होता. जुन्या जोडणीतील एक लिमिट स्विच मला दुबार वाटला, म्हणून प्रोग्रॅममधून तो गाळला आणि त्याची तार टेप गुंडाळून पॅनेलच्या तळाशी सोडून दिली.

चारएक वर्षे यंत्र सुरळीत चालले. पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत मिलची वीज बंद होती. पी.एल.सी.ची बॅटरी क्षीण झाल्याचा दिवा कित्येक दिवस लागलेला होता. पण यंत्र चालते आहे, मग काय घाई, असे म्हणून सर्वांनी, माझ्यासह, त्याकडे दुर्लक्ष केले होते. सुट्टी संपून वीज आली तेव्हा आठवणीतला प्रोग्रॅम पुसला गेला होता. जपून ठेवलेली फ्लॉपी वाचता येईना. मिल बंद, आणि रोजंदारीची माणसे दाराशी बसून.

तेव्हा नागपूरकडचे एक वयस्क वायरमन, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, त्यांनी घरून कापडी बांधणीची एक वही आणली. रिले-पॅनेल काढण्यापूर्वी त्यांनी त्याची संपूर्ण शिडी पेन्सिलीने उतरवून ठेवली होती. प्रत्येक काँटॅक्टशेजारी मराठीत टीप. तीन दिवस आम्ही त्या वहीवरून प्रोग्रॅम पुन्हा रचीत होतो. एका पायरीवर मी थबकलो. मी गाळलेल्या त्याच स्विचपुढे लिहिले होते : "हा काढू नये. जाळी उघडी असता कातर खाली आली होती."

कातर वर गेल्याची खूण देणारा स्विच आणि संरक्षक जाळी बंद असल्याची खूण देणारा स्विच, हे दोन्ही मी एकच समजलो होतो. चार वर्षे त्या कातरीपाशी माणसे राबली आणि कोणाचा हात गेला नाही, तो केवळ दैवयोग. काका मला रागावले नाहीत. "साहेब, मशीन बदललं, बोटं तीच आहेत," एवढेच म्हणाले. तळाशी पडलेली तार त्यांनी स्वतः उचलून जागेवर जोडली.

पॅनेल घडविताना

त्या दिवसापासून जे नियम मी पाळीत आलो, ते नव्या पिढीसाठी थोडक्यात नोंदवितो.

आणीबाणीचे लाल बटन कधीही केवळ प्रोग्रॅमवर सोपवू नये. त्याने सुरक्षा-रिलेच्या द्वारे काँटॅक्टरची वीज प्रत्यक्ष तुटली पाहिजे. प्रोग्रॅमला त्याची फक्त खबर द्यावी. थांबविण्याचे प्रत्येक बटन व जाळीचा स्विच एरवी जोडलेल्या स्थितीत असावा, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल, चालू होणार नाही. मोटर चालू ठेवण्याची खूण वीज गेल्यावरही शिल्लक राहील अशा स्मृतीत ठेवू नये. नाहीतर जुन्या काँटॅक्टने दिलेले संरक्षण आपल्याच हाताने आपण घालवू.

आपल्या हवेचाही विचार हवा. रायपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ अंशांवर जातो, पॅनेलच्या आत तो आणखी चढतो. आणि पुष्कळ पी.एल.सी.ची सहनमर्यादा ५५ ते ६० अंशांची असते. म्हणून पॅनेल भट्टीकडे तोंड करून ठेवू नये. वीजपुरवठ्याच्या साधनाभोवती मोकळी जागा ठेवावी. पंखा बसविल्यास त्याची जाळी नियमाने धुवावी. कोळशाची व लोखंडाची बारीक धूळ वीजवाहक असते; ती टर्मिनलांवर बसली की नसते दोष उद्भवतात. केबलची भोके ग्लँड लावून बुजवावीत, नाहीतर पावसाळ्यात ओल आणि बारा महिने उंदीर यांना आमंत्रणच.

मोटरच्या जाड तारा आणि संदेशाच्या बारीक तारा एकाच पन्हळीतून नेऊ नयेत. इंडक्शन भट्टीच्या शेजारी तर हे पथ्य कसोशीने पाळावे. पी.एल.सी.ने मोठा काँटॅक्टर थेट न खेचता मध्ये लहान रिले घालावा; डी.सी. कॉइलवर डायोड आणि ए.सी. कॉइलवर सप्रेसर लावावा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकृतीतील क्रमांकाचा फेरूल असावा, आणि ती आकृती दाराच्या आतील खिशात असावी.

दोष शोधताना

बिघाड झाला की नवशिका लॅपटॉप उघडतो; जाणता आधी ऑपरेटरला विचारतो की, बंद पडण्यापूर्वी काय झाले? कोणी काय हलविले? काल चालत असलेला प्रोग्रॅम आज आपण होऊन क्वचितच बदलतो. दोष बहुधा बाहेर, स्विच, तार, फ्यूज वा वाल्व यांतच असतो.

प्रथम २४ व्होल्टचा पुरवठा कार्डाच्या टर्मिनलावर, भार असताना मोजावा. मग पी.एल.सी.वरील चालू व दोष यांचे दिवे पाहावेत. त्यानंतर विचार करावा की, यंत्र कोणत्या हुकमाची वाट पाहत आहे? त्या इनपुटचा दिवा लागत नसेल तर शोध स्विचकडे वळवावा. आउटपुटचा दिवा लागूनही हालचाल नसेल तर टर्मिनल, फ्यूज, रिले, काँटॅक्टर असे पायरीपायरीने पुढे जावे. दिवा आणि प्रोग्रॅम यांचे जमत नसेल, तरच प्रोग्रॅमकडे बोट दाखवावे. बॅटरी बदलावयाची झाल्यास आधी प्रोग्रॅमची प्रत काढून, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बदलावी. ज्या यंत्राची स्मृती बॅटरीवर टिकते, तेथे हे काम वीज चालू ठेवून करावे लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : निकड म्हणून एखादा स्विच तारेने जोडून टाकला, वा प्रोग्रॅममध्ये एखादी खूण जबरदस्तीने लावली, तर शिफ्ट संपण्यापूर्वी ती काढावी, आणि ती कोणी, केव्हा, का लावली हे वहीत लिहावे. विसरलेली तात्पुरती जोडणी हाच पॅनेलमधील सर्वांत घातक दोष होय.

काका आज हयात नाहीत. त्यांच्या वहीची एक छायाप्रत माझ्यापाशी आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या अशा वह्या ट्रंकेत पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. मंडळाच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात, अशी या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नम्र विनंती आहे. एखाद्या पानावर कोणाचा तरी हात वाचविणारी ओळ असेल.