कुऱ्हाड, आकडी ते बॅटरीची करवत : दारच्या झाडाच्या छाटणीचा इतिहास



सध्या गावोगावी एकच चौकशी चाललीय. दारातला लिंब, बांधावरचा आंबा, गोठ्यावर आलेली चिंच छाटायची आहे. त्यासाठी लांब दांड्याची बॅटरीची करवत घ्यावी, का पेट्रोलचं कटरच घ्यावं? दुकानदार व्होल्ट सांगतो, इंच सांगतो, ऑफर सांगतो. पण हे हत्यार मुळात कुठून आलं आणि त्यानं झाडाचं काय होतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज थोडं मागं जाऊन लिहितो. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

आपल्याकडं झाड तोडायला तीनच हत्यारं. कुऱ्हाड, कोयता आणि आकडी. घिसाडी लोकं गाड्या घेऊन गावाबाहेर उतरायची. भाता लावून कुऱ्हाडीला धार लावून, पाणी देऊन द्यायची. आकडी म्हंजे लांब वेळूच्या टोकाला बांधलेला विळा. मेंढरं-शेळ्यांमागं फिरणारा माणूस जमिनीवर उभा राहून बाभळीचा, बोरीचा पाला त्यानं वढून पाडायचा. आज दुकानात जी 'पोल सॉ' म्हणून मिळते तिची आजी म्हंजे ही आकडी. फरक एवढाच, की आकडीनं अंगठ्याएवढी फांदी तुटायची, मनगटाएवढी नाही.

मोठी फांदी तोडायची तर माणूस कुऱ्हाड घेऊन वर चढायचा. कुऱ्हाड वरनं खाली चालते. खालच्या बाजूनं घाव घालता येत नाही. त्यामुळं फांदी अर्धी तुटली की आपल्याच वजनानं मोडायची आणि खोडाची हातभर साल सोलून न्यायची. नाहीतर माणूस सोयीच्या जागी तोडायचा आणि दोन फुटाचा खुंट राहायचा. तो खुंट वाळायचा, त्यातनं पाणी आत जायचं, मग ढोली पडायची. पण एक गोष्ट होती. काम इतकं कष्टाचं होतं की उगीच कोणी मोठी फांदी तोडत नव्हतं. हत्यार मंद होतं म्हणून झाड वाचत होतं. दुष्काळात मात्र वैरणीसाठी झाडं ओरबाडली जायची. १९७२ बघितलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

झाडाला घाव घालताना विचार करावा हे आपल्या जुन्या लोकांनी लिहूनच ठेवलंय. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांच्या रोगांचं प्रकरण आहे. बिघडलेला भाग आधी शस्त्रानं काढून टाकायचा आणि मग वावडिंग, तूप, चिखल यांचा लेप द्यायचा, असा उपाय त्यात दिलाय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. आरमाराला लाकूड लागतं, पण आंबा-फणसाला हात लावू नका, असं त्यात आहे. कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच न्यावं. लाकडाची गरज खुद्द राज्याला होती, तरी ही अट.

शास्त्र म्हणून छाटणी आपल्या जिल्ह्यात आली ती फळबागेतनं. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. बोरीची छाटणी उन्हाळ्यात, एप्रिलच्या आसपास करायची, कारण फळ नव्या फुटव्यावर येतं, हे आता आपल्याकडं कोणालाही विचारा, सांगेल. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' वाण निवडून काढला, त्या नान्नजच्या पट्ट्यात मजूरसुद्धा डोळे मोजून कात्री लावतो. १९९० ला रोजगार हमीतनं फळबाग लागवड योजना आली आणि बोर, डाळिंब, चिंच माळरानावर गेली. त्याबरोबर सिकेटरही गेला. हा सिकेटर मूळचा फ्रान्सचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, तोही द्राक्षवेलीसाठीच लोकप्रिय झालेला.

म्हंजे गंमत बघा. बागेत आपण डोळा बघून, कोन बघून, स्वच्छ काप घेतो. आणि दारच्या लिंबाला? कुऱ्हाड. बागेतली अक्कल दारापर्यंत आलीच नाही.

आता साखळीच्या करवतीकडं येतो. हिचा जन्म जंगलात नाही, दवाखान्यात झाला. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी बाळंतपणात अडलेल्या बाईचं हाड कापायला दातेरी साखळी वापरली. पुढं १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइन या जर्मन माणसानं हाताच्या मुठीनं फिरणारी साखळी-करवत केली, तीही हाडासाठीच. लाकडासाठी जर्मनीत आंद्रेआस श्टील यानं १९२६ ला यंत्र काढलं. ते पेट्रोलवर नव्हतं, विजेवर चालायचं, आणि धरायला दोन माणसं लागायची. पेट्रोलवर एकट्या माणसानं चालवायचं त्यांचं यंत्र १९५० ला आलं. आज बॅटरीची करवत बघून लोकं म्हणतात नवीनच काहीतरी निघालं, पण वीज पहिल्यापासूनच होती. फक्त वायर गेली.

मला या इतिहासातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीच्या साखळ्यांना साध्या करवतीसारखे खरवडणारे दात असायचे. ते लवकर बोथट व्हायचे, धार लावण्यातच दिवस जायचा. अमेरिकेत ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ ला त्यानं एका ओंडक्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी बघितली. म्हंजे आपल्या आंब्याच्या भिरुडाची भावकीच. ती अळी लाकूड उभं-आडवं कसंही सहज खात चाललेली. त्यानं तिचा जबडा न्याहाळला. ती समोर चावत नव्हती, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं कापत होती. त्यावरनं त्यानं एक दात डावा, एक उजवा अशी साखळी बनवली आणि १९४७ ला धंदा चालू केला. आज तुमच्या-माझ्या हातातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्राची साखळी त्याच घाटणीची आहे. ज्या किड्यानं आपल्या बागांची वाट लावली, त्याच्याच जातभाईचा जबडा आपण पैसे देऊन विकत घेतो.

आणि याच यंत्रानं झाडाबद्दलचं एक मोठं कोडं सोडवलं. अमेरिकेच्या वन खात्यात अॅलेक्स शिगो नावाचे वनस्पती-रोगतज्ज्ञ होते. एकट्यानं चालवायची करवत हातात आल्यावर १९५९ पासून त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतनं बघितली. त्याआधी झाडं आडवी कापली जायची, त्यामुळं कूज कुठनं सुरू झाली आणि कुठं थांबली हे दिसतच नव्हतं. शिगोंना दिसलं ते असं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या जागेला आतनं भिंती घालतं, कूज कोंडून टाकतं आणि वरनं नवीन लाकूड चढवतं. ही भिंत घालायची ताकद फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते, तिथं सगळ्यात जास्त असते. खोडाला घासून वळीसकट कापलं तर भिंतच गेली. लांब खुंट ठेवला तर वळीला त्याच्यावरनं पुढं येता येत नाही. म्हंजे काप वळीच्या लगेच बाहेर पाहिजे. सावलीच्या झाडाच्या मोठ्या जखमेला डांबर नाहीतर ऑइल पेंट फासून कूज थांबत नाही, हेही त्यांनी दाखवलं. (डाळिंबाला छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतो ती रोगासाठी, ती लावायचीच.)

म्हणून माझं मत असं आहे. कुऱ्हाडीला वळीच्या बाहेर, खालनं-वरनं नेमका काप घेणं जमतच नव्हतं. यंत्राला जमतं. पण आपल्याकडं यंत्र आलं आणि उलटंच झालं. पेट्रोलचं कटर भाड्यानं मिळायला लागलं. कटरवाल्याला जेवढं लाकूड जास्त तेवढा फायदा. तो लिंबाचा शेंडाच उडवतो, झाड बोडकं करतो. पुढच्या पावसाला त्या बोडक्या टोकावर धुमाऱ्यांचा झुबका येतो. घरधनी खूश, झाड फुटलं म्हणून. पण ते धुमारे सालीलगत वरवर चिकटलेले असतात, आतनं कुजणाऱ्या लाकडावर. पाच-सात वर्षांत ते मांडीएवढे होतात आणि वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावर येतात. खाली गोठा असतो, माणसं असतात. लोखंडी नांगर १९०३ ला किर्लोस्करांनी काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून लोकं घाबरली. आता आपण इतकं घाबरत नाही, पण थोडं घाबरायला काय हरकत आहे?

आता हत्यार कुठलं घ्यायचं ते बघू. बिनवायरचं ड्रिल १९६१ लाच निघालं होतं, पण बॅटरीत दम नव्हता. लिथियम-आयन बॅटरी १९९१ ला बाजारात आली आणि २००५ च्या सुमारास हत्यारांत बसली, तिथनं खरा फरक पडला. दुकानात एक डबा १८ व्होल्ट सांगतो, एक २० सांगतो. दोन्हीत पाचच सेल असतात. चालताना ३.६ प्रमाणे १८ होतात, पूर्ण चार्ज असताना २० च्या वर दिसतात. त्याला फसू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. १८ गुणिले ४ म्हंजे ७२ वॉट-अवर. ३६ व्होल्टची २ अँपिअर-अवरची बॅटरी पण ७२ च. मोठ्या व्होल्टला जोर असतो, पण काम किती वेळ होणार हे या गुणाकारावर आहे.

घरच्या पाच-दहा झाडांना माझ्या मते ८ ते १० इंची पात्याची लांब दांड्याची बॅटरीची करवत पुरते. मनगट ते मांडीच्या आतल्या जाडीची फांदी जमिनीवर उभं राहून निघते. माणूस झाडावर चढत नाही, हा मोठा फायदा. घेताना दांडा पूर्ण लांब करून, बॅटरी लावून, दुकानातच दोन मिनिटं खांद्याच्या वर धरून बघा. कागदावर चार-पाच किलो असतं, पण वजन टोकाला असतं. हात थरथरला तर हलकं मॉडेल बघा. साखळी, पातं आणि जादा बॅटरी सोलापुरात मिळते का, हे आधी विचारा. तीच बॅटरी त्याच कंपनीच्या सिकेटरला चालत असेल तर डाळिंबवाल्याला दुहेरी उपयोग.

पेट्रोलचं कटर पडलेलं झाड तुकडे करायला, जमिनीवर. शिडीवर चढून नाही. पात्याच्या नाकाची वरची बाजू कशाला टेकली की यंत्र उसळून तोंडावर येतं. १९७० च्या दशकात साखळीला ब्रेक आले ते यासाठीच. ब्रेक नसलेलं स्वस्त यंत्र फुकट दिलं तरी घेऊ नका.

आपल्या उन्हाचं पण ध्यानात ठेवा. एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला जातो. बॅटरी बांधावर उन्हात ठेवू नका, आणि काम करून तापलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका. साखळीला तेल पाहिजेच, पण ट्रॅक्टरचं जळकं काळं ऑइल नको. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की साखळी बोथट झाली समजा. चांगल्या धारेचे बारके तुकडे पडतात.

काप घेताना वळीपासनं फूटभर बाहेर आधी खालनं थोडा काप. मग त्याच्या जरा पुढं वरनं. फांदी साल न सोलता खाली येते. राहिलेला खुंट मग वळीलगत सावकाश. आपण फांदीच्या बरोबर खाली कधी उभं राहायचं नाही. विजेच्या तारेजवळ फांदी असेल तर दांडा वर करूच नका, तो अॅल्युमिनियमचा असतो. लाईन बंद करून घ्या, वायरमन समोर असू द्या.

डाळिंबात तेल्या असेल तर एका झाडावरनं दुसऱ्याला जाताना पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यानं पुसायचं. हे सिकेटरला करता, करवतीलाही करा. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ छाटणीची हत्यारं निर्जंतुक करायला सांगत असतात, ते त्यासाठीच. सांगोल्याकडं शॉट होल बोररनं बागा गेल्या. तसलं किडकं लाकूड कापून बांधावर रचून ठेवू नका, जाळा.

आणि हो, पूर्ण झाड पाडायचं असेल तर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि शहराच्या हद्दीत १९७५ चा. सोलापुरात घर असेल तर फांदीला हात लावण्याआधी महापालिकेत अर्ज द्या. चिंच उतरल्यावर चिंचेची, आंबा उतरल्यावर पावसाची उघडीप बघून आंब्याची, आणि लिंबाची वळवाच्या आधी, पानगळीच्या सुमारास करा. वर घरटं आहे का तेवढं बघून घ्या.