आगीचा बंब

बंब हा शब्द कुडाळकडच्या घरांत दोन अर्थांनीं चालतो. न्हाणीघरांत पाणी तापवितो तो तांब्याचा बंब, आणि आग लागली असतां ज्याची वाट पाहावयाची तोही बंबच. एक विस्तवाच्या जिवावर जगणारा, दुसरा विस्तवाचा वैरी. पण दोघांचाही संबंध पाण्याशीं, म्हणून नांव एक. शब्द मात्र परका आहे. पोर्तुगीज भाषेंत पाणी खेचणाऱ्या यंत्रास 'बोंबा' म्हणतात, आणि आग विझविणाऱ्या माणसास 'बोंबेइरु'. शेजारच्या गोमंतकांत तीच राजभाषा होती, तेव्हां शब्दास फार लांबचा प्रवास करावा लागला नसावा.

यंत्र येण्यापूर्वीं काय होतें, हें खेड्यांतील आग पाहिलेल्या श्रोत्यांस सांगावयास नको. गवताच्या उडवीनें पेट घेतला कीं हांक उठते, आणि विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लागते. भरलेल्या कळशा एका हातानें पुढें जातात, रिकाम्या दुसऱ्या हातानें मागें येतात. या रांगेस ना नांव, ना नेमणूक. तरी स्वयंसेवकांचें अग्निशामक पथक म्हणतात तें याहून निराळें नाहीं. तिची अडचण एवढीच कीं, कळशींतलें पाणी माणसाच्या हाताच्या बळावर जितकें उंच उडेल तितकेंच उडतें. कोंकणांत चिऱ्याच्या भिंती जळत नाहींत. जळतें तें छप्पर, आणि पाणी पोंचत नाहीं तें नेमकें तेथेंच.

ही उणीव बंबानें भरून काढली. १७२१ च्या सुमारास लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमनें बनविलेल्या बंबांत दोन दट्टे असत व दोन्ही बाजूंस लांब दांडे. एका बाजूची माणसें दांडा दाबीत, तेव्हां दुसरीकडचा वर येई. मध्यें हवेची एक बंद कोठी असे. तींत दाबली गेलेली हवा पाण्यास सतत रेटीत राही, त्यामुळें धार तुटत नसे. ॲम्स्टरडॅमच्या यान व्हान डेर हेडेननें चामड्याची नळी त्याआधींच, १६७२ सालीं, प्रचारांत आणली होती. पण दांड्यावर माणसें हवींत तीं हवींतच. लंडनमध्यें रस्त्यांतले लोक त्यासाठीं बोलावीत, आणि त्यांस पैशाबरोबर बिअरही द्यावी लागे! इतरत्र शेजारधर्म पुरेसा झाला. फिलाडेल्फियांत बेंजामिन फ्रँकलिननें १७३६ सालीं शेजाऱ्यांचें पथक उभारलें; लिस्बनमध्यें १८६८ सालीं गिल्येर्मे कोसूल या वादकानें स्वयंसेवकांचें पथक काढलें. दांड्यावरची माणसें अनावश्यक करणारा वाफेचा बंब लंडनमध्यें १८२९ सालींच तयार झाला होता, पण तो रूढ होण्यास कित्येक वर्षें लागलीं.

मुंबईस हें शिक्षण आगीनेंच दिलें. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांत लागलेल्या आगीनें वस्तीचा मोठा भाग खाक केला. पुढें १८५५ सालीं घोड्यांचे बंब आले आणि तें काम पोलिसांकडे गेलें. म्हणजे चोर धरणाऱ्यानेंच आगही धरावयाची. १८८७ सालीं दल नगरपालिकेच्या ताब्यांत आलें, आणि १९०७ सालीं पहिला मोटारबंब दाखल झाला. आतां घोडे जुंपण्याचा वेळ वांचला, वाफ चढण्याची वाट पाहणें संपलें.

तरीही यंत्राचें सामर्थ्य कोठें संपतें हें १४ एप्रिल १९४४ रोजीं दिसलें. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज लागलेलें होतें. त्यांत सुमारें १४०० टन स्फोटकें होतीं, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गांठीही. दुपारीं धूर दिसला. बंब आले, ९०० टनांहून अधिक पाणी जहाजांत ओतलें गेलें. परंतु आग गांठींच्या आंत दडलेली. पाणी तिच्यापर्यंत पोंचेना, आणि पोटांत सांचलेलें पाणीच उकळूं लागलें. जहाज बुडवावें कीं बाहेर न्यावें याचा निर्णय वरिष्ठांत होईना. नळ्या धरून उभे असलेले लोक मात्र जागचे हलले नाहींत. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले, आणि त्यांचे बंबही. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो तो यामुळेंच.

मोटारबंबांच्या त्या पहिल्या पिढींतला एक बंब मात्र शाबूत आहे. तो इंग्लंडांत मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्ड येथील जॉन मॉरिस कंपनीनें १९१४ सालीं बांधला. तो घेतला निजामाच्या रेल्वेनें. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग तिचाच. १९५१ सालीं ही रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली, आणि बंब पुढें दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत पोंचला. तेथेंही तो नुसता शोभेचा राहिला नाहीं. जुन्या मोटारींच्या फेरींत दिल्लीच्या रस्त्यांवरून तो स्वतःच्या बळावर धांवलेला आहे.