पायलीपासून ताटापर्यंत

तेरणाकाठच्या माकणीसारख्या गावात जुन्या घरची अडगळ उपसली, तर पायली, शेर, चिपटे अशी मापे अजूनही हाती लागतात. चार शेरांची पायली, चार चिपट्यांचा शेर. 1956 चा वजनमापांचा कायदा झाला, 1958 च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम येऊ लागला आणि ही मंडळी माळ्यावर गेली. पण घरची बाई दळणाला जोंधळे काढायची ती चिपट्यानेच. माणसे किती, शेतावर जाणारी कोण, घरी बसणारी कोण, हा हिशेब तिच्या डोक्यात असे. एका माणसाला अन्न किती लागते, हा प्रश्न तिला रोजचाच होता.

हाच प्रश्न एकदा सरकारने सोडवायला घेतला, आणि त्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात शेजारचा सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. माकणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलात, सोलापूर इंग्रजांकडे. इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली. खर्च फार होतो म्हणून 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवली. गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हे माप नाकारले, कामे सोडून ते चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासेत सरकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही या शिध्याला विरोध केला.

आता गंमत पाहा, गंमत म्हणावी की नाही कोण जाणे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दोन हजार कॅलरींचे जे ताट सांगितले, त्यात धान्य आहे अवघे अडीचशे ग्रॅम! मग टेंपलसाहेबांचे काय चुकले?

चुकले ते असे. त्या पौंडभर जोंधळ्यातून मिळत सुमारे दीड हजार कॅलरी. कष्टाचे काम करणाऱ्या गड्याला लागतात जवळजवळ साडेतीन हजार. शिवाय त्या जोंधळ्यासोबत डाळ नव्हती, भाजी नव्हती, दूध तर नव्हतेच. आजच्या ताटात अडीचशे ग्रॅम धान्याबरोबर चारशे ग्रॅम भाज्या आहेत, डाळ आहे, दूध-दही आहे. आणि ते ताट दगड फोडणाऱ्यासाठी नाही, बैठ्या माणसासाठी आहे.

1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे सुकडी आणि तांबड्या मिलोची आठवण काढतात. पोटभर जेवणे हेच त्यांना सुख वाटले, यात नवल नाही. ‘आणखी एक भाकरी घे’ हा आग्रह त्याच भुकेतून आलेला आहे, म्हणून त्याला हसू नये. परंतु मोटेची जागा पंपाने घेतली, पायवाटेची मोटारसायकलने; भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या, वर भात आला, साखर आली.

गुरुजी, एक करून पाहा. मुलांना घरचे जुने चिपटे आणायला सांगा, त्यात जोंधळे भरा आणि तराजूत घाला. गावोगावची मापे सारखी नव्हती, तेव्हा उत्तरे निरनिराळी येतील. मग मुलांनी घरी एका भाकरीचे पीठ तोलावे, आणि कोण किती खातो व दिवसभर काय काम करतो, हे पाटीवर समोरासमोर लिहावे. आजोबांचाही आकडा त्यात असू द्या, तरुणपणीचा आणि आताचा.