लसणाची पाकळी आणि रामेनचा वाडगा

काही वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या तालुक्यात महापुराच्या वेळी निवारा केंद्रांची व्यवस्था माझ्याकडे होती. मदतीच्या सामानात झटपट शिजणाऱ्या नूडल्सची खोकी पुष्कळ आली होती. शाळेच्या पडवीत मोठमोठ्या पातेल्यांतून त्या शिजत, वेळेवर वाटल्या जात आणि ‘कोणीही उपाशी नाही’ अशा अहवालावर मी रोज सही करीत असे. तिसऱ्या दिवशी एक वृद्ध बाई पुढे येऊन म्हणाल्या, “सायेब, पोट भरतंय, पण जेवल्यावानी वाटत न्हाई. लसणाच्या चार कुड्या मिळतील का?”

सामानाच्या यादीत लसूण नव्हता. तो बाजारातून आणविला. आजींनी तो दगडाने ठेचला, जरा वेळ तसाच ठेवला, मग तेलात परतून पातेल्यात ओतला. त्या संध्याकाळी मुले पुन्हा पुन्हा वाढून घेत होती. पोट भरणे आणि जेवणे यांत अंतर आहे, ही गोष्ट इतकी वर्षे सरकारी नोकरी करूनही त्या दिवशीच मला उमगली. श्रोतेहो, त्या वाडग्यात एकत्र आलेल्या दोन पदार्थांचा इतिहास मी पुढे सवडीने वाचला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

यांतील लसूण फार जुना, आणि त्याची प्रतिष्ठा प्रारंभापासूनच संशयित. संस्कृतात त्यास ‘रसोन’ असेही नाव आहे. सहा रसांपैकी एक, आम्ल रस, त्यात उणा, म्हणून रसोन. अमृत चोरून पिणाऱ्या असुराचा कंठ छेदला गेला, तेव्हा जे थेंब भूमीवर पडले त्यांतून लसूण उगवला, अशी कथा आहे. अमृताचा गुण आणि असुराचा स्पर्श! वैद्याने तो घ्यावा आणि सोवळ्याने तो टाळावा, या दोहोंचे समर्थन त्या एकाच कथेत सापडते. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरील एक प्राचीन संस्कृत हस्तलिखित आले. त्यातील वैद्यकाच्या भागाचा आरंभच लसणाच्या स्तुतीने होतो. उलट पाचव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू फा-हियेन लिहितो की, मध्यदेशात चांडाळांवाचून कोणी कांदा-लसूण खात नाही. आपल्याकडे चातुर्मासापूर्वी कांदेनवमी साजरी करून मग चार महिने या जोडीस निरोप देणारी घरे आजही आहेत.

बौद्ध विनयातही लसणाविषयी एक सुंदर प्रसंग आहे. लसूण खाल्लेला एक भिक्षू इतरांस त्रास होऊ नये म्हणून धर्मोपदेशाच्या वेळी दूर जाऊन बसला. ज्याच्या सेवनाने उपदेशालाच मुकावे लागते, ते भिक्षूंनी खाऊ नये, असा नियम त्यावरून झाला. मात्र सारिपुत्तास वाताची व्यथा झाली, तेव्हा औषध म्हणून त्यास सूट मिळाली. हा नियम धर्माबरोबर चीनमार्गे जपानपर्यंत गेला. तेथील झेन मठांच्या दारांशी उग्र वासाच्या भाज्या व मद्य यांस आत मज्जाव करणारे शिलालेख आजही उभे आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या विदुषीने लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’त एक तरुण अधिकारी आपल्या प्रियेला भेटावयास जातो, तर ती पडद्याआडूनच सांगते की, औषध म्हणून लसूण घेतल्यामुळे मला समोर येता येत नाही. बिचारा तेथून पळ काढतो!

लसूण असा दाराबाहेर उभा असता, १९४५ च्या पराभवाने जपानचे घरच उद्ध्वस्त झाले. तांदळाचे पीक बुडाले होते, शिधा अपुरा पडत होता, आणि अमेरिकेहून गहू येत होता. गव्हाच्या त्या पिठाने मूळच्या चिनी वळणाच्या रामेनला, म्हणजे गरम रश्श्यातील शेवयांना, रस्त्यांवरच्या गाड्यांवर नवे दिवस आले. मांचुरियातून परतलेल्या लोकांनी ग्योझा हा करंजीसारखा, लसूणयुक्त पदार्थ लोकप्रिय केला.

ओसाका येथे कडाक्याच्या थंडीत रामेनच्या एका गाडीपुढे लागलेली माणसांची लांब रांग मोमोफुकु आंदो यांनी पाहिली होती. तैवानात १९१० साली जन्मलेले हे गृहस्थ १९५७ मध्ये एक पतसंस्था बुडाल्यामुळे राहत्या घरावाचून जवळजवळ सर्वस्वास मुकले. इकेदा येथील त्या घराच्या मागील झोपडीत त्यांनी वर्षभर प्रयोग केले. पत्नीला कढईत तेंपुरा तळताना पाहून त्यांना युक्ती सुचली. कढत तेलात शेवयांतील पाणी उडून जाते, सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि उकळते पाणी ओतताच ती पुन्हा भरतात. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आले. ते तेव्हा स्वस्त मात्र नव्हते. ताज्या उदोन शेवयांना ६ येन पडत असता याची किंमत ३५ येन होती. कोंबडी कोणत्याही धर्मात निषिद्ध नाही, असे आंदो समाधानाने सांगत. आपल्याकडील शाकाहारी घरांचा विचार त्यांच्या मनात आला नसावा. १९८३ साली मॅगी भारतात आली, तेव्हा तिला मसाल्याचेच रूप घ्यावे लागले.

भुकेवर असा उपाय सापडला. पण कारखान्यातील प्रत्येक पुडी दुसरीसारखीच असते. पुष्कळ पुड्यांत लसणाची पूड असते, तरी ताज्या लसणाचा दरवळ तिच्यात पुरता उतरत नाही. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या पेशींत अ‍ॅलिइन हे द्रव्य आणि अ‍ॅलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली म्हणजे ती एकत्र येऊन अ‍ॅलिसिन निर्माण होते. कॅव्हॅलिटो व बेली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते १९४४ साली वेगळे काढले. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून अख्खी पाकळी रश्श्यात उकळली तर ती सौम्य, गुळचट लागते; ठेचून काही मिनिटे थांबले तर तिचा जोम टिकतो; मंद आचेवर तेलात परतली तर खमंग होते; आणि करपली तर कडू. आजी ठेचल्यावर थांबल्या होत्या, ते उगीच नव्हे.

करपलेल्या लसणाचेही चीज करणारे लोक आहेत. क्यूशू बेटावरील कुमामोतोच्या रामेनवर तळलेल्या लसणाचे काप आणि लसूण काळा होईपर्यंत तळून केलेले ‘मायू’ हे तेल घालतात. डुकराच्या हाडांच्या दाट रश्श्यात तो कडवटपणा खुलतो. कोरियात तर बौद्ध मठ सोडले तर लसणाला सहसा दाराबाहेर उभे राहावे लागले नाही. वीस लसूण आणि दवण्याच्या जातीची एक वनस्पती खाऊन अंधाऱ्या गुहेत राहिलेली अस्वलीण स्त्री झाली, आणि तिचा पुत्र दांगुन हा कोरियाचा आदिराजा झाला, अशी तेथील कथा आहे. तेराव्या शतकात ती लिहून ठेवणारा इर्योन हा बौद्ध भिक्षू होता, हे विशेष! त्याच देशात, युद्धानंतरच्या दारिद्र्यात, १९६३ साली जपानी कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने सामयांग रामेन निघाले. चमचाभर ठेचलेला लसूण घालून ते खमंग करणे ही आज तेथील घरोघरची रीत आहे.

विनयाने आजाऱ्याला लसणाची सूट दिली होती. भुकेल्याला ती पुढे काळाने दिली. राज्यकर्ते आणि कारखानदार यांनी अन्न पोहोचवावे, ते त्यांचे कर्तव्यच आहे, आणि आंदो यांचे ऋण त्या बाबतीत मोठे आहे. परंतु मिळालेल्या अन्नाला आपल्या हाताची चव देण्याचा हक्क खाणाऱ्याचा असतो. त्या पुरानंतर निवारा केंद्राच्या सामानाची नवी यादी करण्याचे काम पुन्हा माझ्याकडे आले. तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांच्याखाली मी लसूण लिहिला. वरिष्ठांनी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून समासात प्रश्नचिन्ह केले. मी उत्तरादाखल आजींचे वाक्य जसेच्या तसे लिहून पाठविले. यादी परत आली, तेव्हा प्रश्नचिन्ह खोडलेले होते.