गाव वसले, गल्ली हरवली

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसे गेली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे घरच अंगावर आले. किल्लारीचा इतिहास बहुधा इथे थांबतो किंवा पुनर्वसनाच्या आकड्यांकडे वळतो. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न मागे राहतो.

भीती भूकंपाआधीपासूनच मुरली होती. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या भागाला अनेक धक्के बसले होते. भूकंपानंतर लोकांना दगडी भिंतीजवळ जायला नको वाटे. माळवदाखाली झोप येईना. महिनोन्‌महिने माणसे उघड्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. ज्यांची मुले दगावली, त्यांतल्या काही स्त्रियांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उलटवून घेतली. ‘आघातोत्तर ताण’ या नावाने अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये या दुखण्याला यादीत जागा दिली होती; आपल्या खेड्यांत मात्र ते ‘धसका’ याच शब्दाने ओळखले जाई.

जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे, हे जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. हिशेब सोपा होता, आणि भूमिहीनालाही पक्के घर मिळाले, हे मोलाचेच. परंतु बऱ्याच नव्या गावठाणांत एका मापाची घरे एका ओळीत आली. जुन्या गावात भावकीची गल्ली असे, दारासमोर ओटा असे. कुणाची चूल पेटली नाही तर शेजारणीला सकाळीच कळे. नव्या गावात रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरे दूरदूर गेली. घरातली माणसे गमावलेल्याला आता शेजारही नवा होता.

हे केवळ मराठवाड्यातच घडले असे नाही. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये वृद्धांना प्राधान्य देऊन, सोडत काढून तात्पुरती घरे वाटली गेली. हेतू चांगला होता. पण शेजार तुटला, आणि त्या घरांत एकटीच मरून पडलेली वृद्ध माणसे सापडू लागली. २००४ च्या निइगाता भूकंपात जपानने धडा घेतला. तेव्हा वस्तीच्या वस्ती एकत्र हलवली.

आपल्याकडेही दुसरी वाट दिसली होती. जी गावे जागेवरच दुरुस्त व्हायची होती, तिथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. त्या बांधकामाची माहिती घरोघर नेत, अडचणी कार्यालयापर्यंत पोहोचवत. काम सिमेंट-विटांचे होते. पण त्यानिमित्ताने घराबाहेर पडलेली बाई चार जणींत बसू लागली. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्याला शिक्षणासाठी नेली. घर सुटले तरी सारख्याच दुःखातली सोबत त्यांना होती.

यावरून समुपदेशन अनावश्यक ठरत नाही. ज्याचा धसका वर्षानुवर्षे जात नाही, त्याला डॉक्टर हवाच. मात्र डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो, शेजारी रोज दिसतो. तो शेजार नकाशावरच पुसला गेला, तर औषधाचे काम दुप्पट अवघड होते.

लातूर आणि धाराशिव हे आपल्याच महसूल विभागाचे जिल्हे. छत्रपती संभाजीनगरात त्यांचे विभागीय कार्यालय आहे. म्हणून ही गोष्ट आपल्या दफ्तरात नीट नोंदली जायला हवी. किल्लारीनंतर २०१४ मध्ये माळीण झाले, २०२३ मध्ये इर्शाळवाडी झाली. पुढच्या पुनर्वसनाच्या अर्जात जमीन किती, माणसे किती या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा: तुमच्या शेजारी कोण राहत होते, आणि आता कोण हवे?